थोरल्याचे चार स्क्रू

“आई, तू खरंच मुळा उपटला होतास का गं?”

विचारून झालं आणि भिंगरीला वाटलं, काउंटरची काच आत्ताच्या आत्ता दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तिच्या मागे, फ्रेमांच्या फिरत्या स्टँडआड, लंबू आणि चष्मिष एकमेकींचे दंड दाबून उभ्या होत्या. पैज त्या दोघींचीच. शेवटचा पेपर देऊन शाळेच्या फाटकातून बाहेर पडता पडता लागलेली. इतकी वर्षं ही गोष्ट सांगून आम्हाला हसवतेस, आता जिची गोष्ट तिला तोंडावर विचारून दाखव. आणि मागच्या वर्षापर्यंत हजेरीला नाव पुकारलं तरी कानापर्यंत लाल होणारी भिंगरी यंदा अशी काही सुटली होती की पैज म्हटलं की तिचा पाय आधी पुढे पडायचा आणि डोकं मागून धापा टाकत यायचं.

आईने मान वर केली नाही. ती या चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिच्या हातात चष्मिषचाच चष्मा होता, एक दांडी लुळी पडलेला. चिमट्याच्या टोकावर मोहरीहून बारीक स्क्रू. तो तिने बिजागरीत असा सोडला की जणू तो आपण होऊनच घरी गेला. दोन वेढे, मग अर्धा. खणातून नेलपेंटची छोटी बाटली काढून तिने स्क्रूच्या डोक्यावर, कडेला लागेल असा, एक ठिपका ठेवला. मोरपंखी.

“हा ठिपका तडकलेला दिसला की समजायचं, स्क्रू फिरलाय,” ती चष्मिषला म्हणाली. “लगेच यायचं. दांडी हातात येईपर्यंत थांबायचं नाही.”

“काकू, ही काहीतरी विचारतेय तुम्हाला,” लंबूने आडून आठवण करून दिली.

“ऐकलं मी.” आईने काचेवर फुंकर मारली, पिवळ्या कापडाने पुसली, उजेडात धरली. “मुळ्याची गोष्ट घरात कोण सांगतं?”

“बाबा.”

“मग त्यांनाच विचार. ज्याची गोष्ट, त्यालाच तिचं शेपूट ठाऊक.”

चष्मा चष्मिषच्या नाकावर बसला. भिंगरी पैज जिंकली होती आणि तरीही काहीतरी हरल्यासारखी उभी होती. आईने ते पिवळं कापड घडी करून तिच्या हातात ठेवलं.

“थोरल्याला खोलताय ना आज? हे असू दे. याचे धागे सुटत नाहीत. आणि बाबांना म्हणावं, चष्मा लावून बसा.”

बाहेर आल्यावर चष्मिषने आपली दांडी तीनदा उघडझाप करून पाहिली.

“या हातांना तू जड म्हणतेस?” ती म्हणाली. “मग माझे पाय हत्तीचे.”

“तेच तर म्हणत होते मी,” लंबू म्हणाली. “काहीतरी गफलत आहे तुझ्या मुळ्यात.”

“गोष्ट बाबांची आहे,” भिंगरी म्हणाली, आणि आपण आईचंच वाक्य उचललं हे तिच्या लगेच लक्षात आलं.

*

मुळ्याची गोष्ट घरातल्या कपबशांइतकी जुनी होती आणि पाहुणा आला की त्यांच्याबरोबरच बाहेर निघायची.

बाबांचं आणि आईचं दुकान होतं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. दोघांनी मिळून उघडलेलं, पाटीसुद्धा दोघांनी एकाच डब्यात दोन ब्रश बुडवून रंगवलेली. भिंगरी रांगत होती त्या काळात एका कारखान्याचा सर्व्हर दुरुस्तीला आला. त्याचा हीटसिंक काढायचा होता. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला धातूच्या पात्यांचा वजनदार ठोकळा. खालचा तापतो, वरचा त्याची उष्णता ओढून घेऊन वाऱ्यावर सोडतो, आणि दोघांच्या मध्ये राखाडी पेस्टचा एक पातळ थर असतो, दोघांना धरून ठेवणारा. हा थर जुना झाला की दगड होतो. आईने हीटसिंक धरला आणि सरळ वर ओढला. खालचा प्रोसेसरही त्याला चिकटून, कुलूपबंद जागेतून, शेकडो पायांसकट बाहेर आला.

“मातीसकट मुळा यावा तसा,” बाबा म्हणायचे आणि दोन्ही हातांनी हवेतला मुळा उपटून दाखवायचे. पाहुणे हसायचे. आई पाणी देता देता हसायची. “हातच जड माझे,” असंही म्हणायची. प्रोसेसरचे केसाएवढे पाय आडवे झाले, कारखान्याचं गिऱ्हाईक गेलं, आणि आईने दुकान सोडून चष्म्याच्या दुकानात काम धरलं. गोष्ट इथे संपायची.

नाही म्हणायला तिची एक फांदी भिंगरीपर्यंत आली होती. तिच्या हातून कप सुटला, पेन्सिलचं टोक मोडलं, सायकलची साखळी बसवताना बोट चेमटलं, की बाबा प्रेमाने मान हलवायचे.

“आईचेच हात.”

प्रेमाने म्हणायचे म्हणून तर ते फार खोल जायचं. सुट्टीत दुकानातल्या कामाच्या टेबलावर बसायचं, उघडी मशीनं हाताळायची, हे भिंगरीच्या मनात दोन वर्षं घोळत होतं. मागच्या सुट्टीत तिने विचारलं तेव्हा बाबांनी तिला काउंटरवर बसवलं. पावत्या फाडायच्या आणि गिऱ्हाइकाला ‘बसा’ म्हणायचं. ‘बसा’ म्हणायला काही हलके हात लागत नाहीत.

*

दुकानात बाबा स्टुलावर बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मागच्या आठवड्यात छताजवळची केबल उतरवताना स्टूल हललं, आणि ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना ‘आधी स्टूल बघा’ म्हणून सांगितलं तो माणूस केबलसह खाली आला.

“आईने सांगितलंय, चष्मा लावून बसा.”

“मला लांबचं स्वच्छ दिसतं.”

“थोरला जवळ आहे.”

“तू बोलायला फार शिकलीस.” त्यांनी डाव्या हाताने खिशातला चष्मा चाचपला आणि तिथेच राहू दिला. “जेवणं झाली की टेम्पोवाले काका थोरल्याला न्यायला येतील. त्याच्या आत हीटसिंक आणि प्रोसेसर वेगळे व्हायला हवेत. एवढं वजन डोक्यावर ठेवून खड्ड्यांतून नेलं तर बोर्डच तडकेल. माझा हात हा असा. मदतनीस गावाला. राहिलं कोण?”

“मी.”

“राहिलीस तू,” बाबा म्हणाले, जणू हा हिशेब त्यांना फारसा पसंत नव्हता. “ऐक मग. नीट निघाला, तर सुट्टीभर या टेबलावर बसशील. मुळा आला, तर काउंटर. कुरकुर चालणार नाही.”

“लिहून देऊ?”

“तुझ्या अक्षरात? नको.”

मागच्या खोलीत थोरला, म्हणजे दुकानाचा स्वतःचा जुना सर्व्हर, चालू होता. भिंगरीच्या जन्माच्या आधी वर्षभर तो घरात आला म्हणून तो थोरला आणि ती धाकटी. बाबा खरंच तसं मोजायचे. थोरला कधी आजारी पडत नाही, थोरला कधी पैसे मागत नाही, थोरल्याला एकदा सांगितलं की कळतं. एके काळी अर्ध्या वस्तीची कामं त्याच्या पोटात चालायची. औषधवाल्याचा साठा, शिवणवर्गाची हजेरी, वाचनालयाची सगळी पुस्तकं. मग एकेकाने आपलं बिऱ्हाड दूरच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या मशीनवर हलवलं. सगळ्यात शेवटी वाचनालय गेलं. गेले काही दिवस थोरल्यावर कुणाचंच काही नव्हतं. तो नुसताच घुमत होता, माणसं निघून गेल्यावर चालू राहिलेल्या पंख्यासारखा.

तो आवाज भिंगरीच्या अंगात मुरला होता. तान्हेपणी ती इतर कशाने झोपायची नाही, थोरल्याच्या शेजारी टोपलीत ठेवली की डोळे मिटायची, असं आई सांगायची. पुढे थंडीच्या दिवसांत त्याच्या पाठीमागून येणाऱ्या उबदार वाऱ्यात ओले मोजे वाळत घालायची सोय झाली. पाढे तिने त्याच्या अंगाला टेकून पाठ केले. त्या पाढ्यांना अजूनही तिच्या डोक्यात मागे एक घूं असा सूर होता. आणि खोली आठवली की हटकून एक वासही आठवायचा, इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात त्या स्पिरिटचा. काही दुपारी शाळेतून आलं की आईच्या बोटांना तो वास असायचा. ‘हात स्वच्छ केले गं’ म्हणायची. भिंगरीला तो इतका आवडायचा की ती आईची बोटं नाकाशी धरून बसायची.

“स्वप्नं बघू नकोस,” बाबा मागून म्हणाले. “पहिलं काय?”

“बंद करायचा.”

“चूक. पहिलं म्हणजे तापवायचा. थंड मशीनच्या हीटसिंकला हात लावायचा नाही. त्याला भरपूर काम दे, घाम काढ त्याचा. आतली पेस्ट मऊ होईल तेवढी होऊ दे. याला मी कधी उघडलेलाच नाही, उघडायची वेळच आणली नाही त्याने. म्हणजे पेस्ट किती जुनी असेल विचार कर. सिमेंट झालं असेल.”

तिने कामाला लावलं. घूं चढत चढत शिट्टीवर गेलं. दोघं त्या आवाजात बसून राहिली.

“बाबा, त्या दिवशी तापवलं होतं?”

“कुठल्या दिवशी?”

“मुळ्याच्या.”

बाबांनी प्लास्टरच्या कडेत पेन्सिल घालून खाजवलं. बराच वेळ खाजवलं.

“गिऱ्हाईक दारात उभं होतं,” ते म्हणाले. “कर आता बंद. नीट बंद कर, बटण दाबून धरू नकोस.”

थोरला थांबला. पंखे एकेक करत उतरले आणि शेवटचा थांबल्यावर खोली इतकी मोठी वाटली की भिंगरीने उगाचच खाकरून बघितलं. मग बाबा सांगत गेले आणि ती करत गेली. मागच्या दोन्ही वायरी काढ. दोन असतात, लोक एकच काढतात. आता चालू करायचं बटण एकदा दाब, उरलासुरला करंट निघून जाऊ दे. मनगटाला पट्टा बांध, दुसरं टोक त्याच्या धातूच्या अंगाला. तुझ्या अंगातली वीज तुला कळत नाही, त्याला कळते. झाकण काढ. आता थांब. हात भाजेल इतका गरम नको, आणि गार तर नकोच. अंघोळीच्या पाण्याएवढा.

झाकणावर बोटभर धूळ होती. आत मात्र हीटसिंकची पाती लखलखत होती, कंगवा धुऊन ठेवावा तशी.

“बघितलंस?” बाबा फुलले. “मी बसवलेली जाळी. एवढ्या वर्षांत धुळीचा कण आत आला नाही. टेम्पोवाल्याला दाखव हे.”

भिंगरी स्क्रू शोधायला खाली वाकली. चार कोपऱ्यांना चार, खाली स्प्रिंग असलेले. तिने स्क्रूड्रायव्हर पहिल्यावर टेकवला आणि ती थांबली.

स्क्रूच्या डोक्यावर, कडेला लागेल असा, एक ठिपका होता. मोरपंखी.

दुसऱ्यावर होता. तिसऱ्यावर, चौथ्यावरही होता.

ती बाटली जगात एकच असणार असं नाही, पण भिंगरीपुरती ती एकच होती. सहावीत असताना शाळेच्या नाटकात तिला मोर व्हायचं होतं म्हणून हट्टाने घेतलेली. नाटकात झाडाचं काम मिळालं, वर्ग हसला आणि तिने बाटली कचऱ्यात टाकली. आईने ती उचलून धुऊन ठेवली होती. ‘वस्तू वाईट नसते गं, जागा चुकलेली असते,’ असं काहीतरी म्हणाली होती.

“काय झालं? अडला?”

“नाही. बघतेय.”

“समोरासमोरचे घे. एक पूर्ण काढायचा आणि मग दुसरा, असं नाही. याला थोडा, त्याच्या तिरक्या समोरच्याला थोडा. एकाच बाजूने भार सुटला की तो वाकडा होतो आणि खालच्याला दुखवतो.”

तिने स्क्रूड्रायव्हर फिरवला. रंग तडकला. मोरपंखी पापुद्रा उडून तिच्या नखावर बसला आणि त्याच्याखाली गुलाबी दिसला. फिका, बाळबोध गुलाबी. बाहुलीच्या नखांना लावायचा म्हणून पहिलीत तिने तोच गुलाबी खिडकीच्या गजांनाही फासला होता. बाटली संपली म्हणून ती रडली होती, एवढ्यात कशी संपली म्हणून. गुलाबीखाली, पार तळाशी, धातूला घट्ट धरून, गडद लाल होता. तो तिच्या ओळखीचा फक्त फोटोतून. पाटी रंगवून झाल्यावरचा फोटो, दोघांच्या हातात ब्रश, आणि आईच्या नखांवर तो.

दुपार होत आली होती. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भिंगरीने ते कण झाडले नाहीत. याला थोडा, त्याला थोडा असे चारही स्क्रू तिने सोडवले, स्प्रिंगा एकदम उसळू नयेत म्हणून अंगठा दाबून ठेवत, आणि पंख्याची वायर हलकेच काढली.

“आता ऐक,” बाबा स्टूल ओढून पुढे आले. त्यांचा आवाज उतरला होता. “ओढायचं नाही. काही झालं तरी वर ओढायचं नाही. दोन्ही हातांनी धर आणि पिळ. बरणीचं झाकण पिळतात तसं नाही, त्याहून कमी. तान्ह्या मुलाची मान सरळ करतो तेवढं. डावीकडे जरा, उजवीकडे जरा. नाही हलला तर सोडून द्यायचा, पुन्हा तापवायचा. सिमेंट आहे, लक्षात ठेव. वेळ लागेल. लागू दे.”

तिने धरला. पाती बोटांना उबदार लागली. तिने डावीकडे वळवला.

हीटसिंक सायीवरून बोट फिरावं तसा सरकला.

इतक्या सहज की ती घाबरून थांबली. उजवीकडे जरा. तो बाजूला घसरला, कडेने सुटला आणि तिच्या हातात आला, एकटा. खाली प्रोसेसर आपल्या जागी निवांत बसला होता, आडव्या दांडीने कुलूपबंद, एक पाय न हलवता.

“निघाला,” ती म्हणाली.

“काय म्हणतेस? इतक्यात?”

तिने हीटसिंक उलटा करून स्वच्छ फडक्यावर ठेवला. बाबा वाकले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, एका हाताने दांड्या उघडताना तो दोनदा घसरला, आणि डोळ्यांना लावून पुन्हा वाकले.

पेस्ट मऊ होती. राखाडी, ओलसर, चकचकीत. कडेला थेंबभरही बाहेर आलेली नव्हती. बाबांची पद्धत भिंगरीला ठाऊक होती. ते मध्ये वाटाण्याएवढा गोळा ठेवायचे आणि दाबायचे, मग चारी बाजूंनी ओघळ यायचे आणि ‘कमी पडण्यापेक्षा जास्त बरी’ असं ते म्हणायचे. ही कुणीतरी कार्डाच्या कडेने, भिंत लिंपावी तशी, एका दिशेने सारवली होती.

बाबांनी करंगळी त्या थरावर टेकवली. बोटाला राखाडी लागलं. ते त्यांनी अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं, पुन्हा चोळलं. मग ते झाकणावर बसवलेल्या आपल्या जाळीकडे बघत राहिले. जाळीला बरीच भोकं होती.

“पुसून घे,” ते म्हणाले.

भिंगरीने पिवळं कापड काढलं आणि कपाटातल्या बाटलीतून त्याच्यावर स्पिरिट ओतलं. मध्यापासून बाहेर, मध्यापासून बाहेर. खोलीत तो वास पसरला. आईच्या बोटांचा. ती पहिलीत होती, दप्तर पाठीवर होतं, आणि आई दारात ओले हात झटकत उभी होती. त्या दिवशी बाबा सामान आणायला बाहेरगावी गेले होते. बाबा नेहमीच त्या दिवसांत बाहेरगावी गेलेले असायचे.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. यंदा सुटलेल्या तिच्या जिभेला ही मोठी शिक्षा होती.

दांडी उचलून, कडांना धरून, तिने प्रोसेसर वर घेतला. सगळे पाय सरळ, कापलेल्या गवतासारखे एका उंचीचे. डबीत ठेवला. झाकण लावलं.

*

टेम्पोवाले काका आले ते हसतच. ते बाबांचे जुने दोस्त. जुनी मशीनं विकत घ्यायची, दुरुस्त करून विकायची, हा त्यांचा धंदा. मुळ्याची गोष्ट त्यांना इतकी पाठ होती की बाबा चुकले तर ते दुरुस्त करायचे.

“हात गळ्यात आणि मशीन मोकळं?” ते म्हणाले. “कुणी काढला?”

“हिने.”

“अरे वा, धाकटीने?” काकांनी डबी उघडून पाय निरखले. “छान. मला वाटलं आज पुन्हा मुळ्याचा मोसम.” त्यांनी दोन्ही हात वर नेले, हवेतला मुळा धरला आणि बाबांकडे बघून डोळा मारला. इथून पुढचं वाक्य बाबांचं असायचं.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

काकांचे हात हवेतच राहिले. “काय रे?”

“काही नाही. जुनी झाली ती.” बाबांनी चष्मा काढला नव्हता. “हिचं म्हणशील तर... आईचेच हात.”

तेच दोन शब्द. भिंगरी फडकं पिळत होती ती पिळतच राहिली, त्यात पाणी नव्हतं तरी.

आई आली तेव्हा थोरला टेम्पोत चढला होता. चष्म्याचं दुकान शनिवारी अर्धा दिवसच असायचं. पिशवी खांद्यावर, केस वाऱ्याने विस्कटलेले. काका टेम्पोच्या मागे दोरी आवळत होते. आई जवळ गेली, तिने पदराने थोरल्याच्या कडेची धूळ पुसली आणि तळवा क्षणभर तिथेच ठेवला, ताप बघतात तसा.

“गार पडला,” ती म्हणाली.

“अगं,” बाबा म्हणाले. “मी सगळ्यांना सांगत होतो, जाळीमुळे चालला इतकी वर्षं.”

आईने त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं. मग त्यांच्या राखाडी करंगळीकडे.

“जाळी चांगलीच होती हो,” ती म्हणाली.

टेम्पो सुरू झाला, धुराचा एक लोट सोडून वळणावर दिसेनासा झाला. तिघं पायरीवर उभी होती. मागच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता आणि ते तिघांनाही ऐकू येत होतं. वर पाटीवर दोन ब्रशांनी लिहिलेली अक्षरं होती, पहिली अर्धी एका वळणाची, दुसरी अर्धी दुसऱ्या. लहानपणापासून रोज बघूनही भिंगरीने ते कधी बघितलं नव्हतं.

“मग?” बाबा घसा साफ करत म्हणाले. “शब्द म्हणजे शब्द. सोमवारपासून टेबलावर. स्टूल उंच करून देतो.”

लंबू आणि चष्मिष इथे असत्या तर भिंगरीने उडी मारली असती. तिने मूठ उघडून पाहिली. नखात मोरपंखी अडकलं होतं, त्याच्या कडेला गुलाबी, आणि एक कण लाल. आईनेही ते पाहिलं. पाहिलं आणि रस्त्याकडे तोंड केलं.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” भिंगरी म्हणाली. “मी टेबलावर बसणार. पण सोमवारपासून नाही. शनिवारी अर्धा दिवस सुटी असते ना आईला, मी पुढच्या शनिवारपासून बसेन. दोन स्टुलं लागतील. मला आई शिकवणार आहे.”